अर्धा इंच जास्त

माझा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे. नवी चप्पल घेतली की उजव्या पायाच्या चपलेला आतून टाच लावून घ्यावी लागते. दादरला ज्या दुकानातून मी ती लावून घेते, तिथला माणूस दरवेळी विचारतो, "ताई, पोलिओ का?" आणि मी दरवेळी "हो" म्हणते. खरं सांगत बसले तर त्याची गिऱ्हाइकं खोळंबतील आणि माझं डोकं फिरेल.

खरं असं की हाच डावा पाय एके काळी दोन इंच आखूड होता. आखूड पाय लांब होणं समजू शकतं, त्यासाठी शस्त्रक्रिया आहे. पण जास्तीचा अर्धा इंच कुठून आला, ते डॉक्टरांच्या कागदावर नाही. ते माझ्या बाबांचं काम. आणि माझंही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो आणि बाबा जवळच्याच गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचे म्हणजे माग. एका रांगेतले सगळे साचे बाबांच्या ताब्यात असायचे. एखादा बिघडला की विणकर हात वर करायचा आणि बाबा पाना घेऊन तिथे हजर. नुसत्या आवाजावरून कुठला साचा कुरकुरतोय हे ते ओळखतात, असं त्यांचे मित्र सांगायचे. मी एकदाच त्यांचा डबा घेऊन दारापर्यंत गेले होते. ते बाहेर आले तेव्हा केसांत, भुवयांवर, मिशीवर कापूस होता, आणि चालणं असं होतं की आख्खी गिरणी यांच्याच मालकीची.

संप लांबत गेला. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला गेली. बाबांनीही मला मालवणकडे काकांच्या घरी पोचवलं. "दोन म्हयन्यांचो प्रश्न," म्हणाले. दोन महिन्यांचं वर्ष झालं. त्या वर्षात मी गोठ्याच्या माळ्यावरून खाली पडले आणि डाव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं. गावच्या हाडवैद्याने पाला चोपडला, कामट्या बांधल्या आणि देवाला नारळ ठेवायला सांगितला. हाड जुळलं, पण वाढायचं विसरलं. उजवा पाय वाढत राहिला आणि डावा तिथेच रेंगाळला.

मुंबईत परत आले तेव्हा संप संपल्यासारखा होता आणि बाबांची गिरणी बंदच होती. ती पुन्हा उघडली नाही. बाबा इकडेतिकडे हात मारून शेवटी चिंचपोकळीला एका पिठाच्या चक्कीवर लागले. केस पुन्हा पांढरे व्हायला लागले, पण आता पिठाने. आई म्हणायची, "दाणे टाकायचे नि पीठ काढायचं, ह्यात जॉबरचं काय डोकं लागतं?" ती टोचायला म्हणायची नाही, वाईट वाटून म्हणायची, पण बाबांना ते टोचायचंच. मग ते जेवताना मान वर करायचे नाहीत. घरातलं त्यांचं बोलणंही हळूहळू कमी झालं. आधी गोष्टी थांबल्या, मग भांडणं थांबली. घरात भांडण थांबलं तर लोक पेढे वाटतील, पण मला ती शांतता नको वाटायची.

आणि मी चालायला लागले की ते भिंतीकडे तोंड करायचे. संप केला नसता तर पोरीला गावाला धाडलं नसतं, हा हिशेब त्यांनी तोंडाने कधीच मांडला नाही. मला तो त्यांच्या पाठीवरून वाचता यायचा.

चाळीत प्रत्येकाची पावलं ओळखीची असतात. माझी तर दोन खोल्या आधीपासून कळायची, एक टप आणि एक धप. मी येतेय हे ऐकून बायका बोलणं थांबवायच्या, म्हणजे माझ्याबद्दलच बोलत असणार. "पोरीला उजवायचं कसं गो?" हे अर्धवट वाक्य मी कितीदा तरी झेललं. लग्नाची मला एवढी हौस नव्हती. मला फक्त एकदा कुणाला न कळता गॅलरीतून चालत जायचं होतं आणि सगळ्याजणी नेमकं काय बोलतात ते दारात उभं राहून पूर्ण ऐकायचं होतं. आणि माझ्या चालण्याच्या आवाजाने बाबांनी भिंतीकडे वळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

मी एकोणीस वर्षांची असताना परळच्या एका इस्पितळात एक तरुण डॉक्टर भेटले. हाड लांब करायची नवी पद्धत ते शिकून आले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हाड मधोमध कापायचं, पायाभोवती लोखंडी कड्या बसवायच्या, कड्यांतून तारा हाडाच्या आरपार घालायच्या. मग कड्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवरचे नट रोज थोडे थोडे फिरवायचे, म्हणजे कापलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात आणि मधल्या फटीत शरीर आपणहून नवं हाड भरतं.

आई म्हणाली, "कापलं की वाढतं? हाड आहे की केस?"

बाबा चित्राकडे बघत होते. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "एका फेऱ्यात किती सरकतं, साहेब?"

"एक मिलिमीटर. पण एका वेळी पावच फेरा. दिवसातून चार वेळा."

"आणि फिरवायचं कोणी?"

"घरच्यांनीच. शिकवू आम्ही."

बाबांनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही फिरवायला सांगितलं नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने फेरे सुरू करायचे होते. डॉक्टरांनी बाबांच्या हातात एक पाना दिला. त्यांनी तो नटाला लावून पाहिला आणि परत केला. "हा ढिला आहे साहेब. नटाच्या कडा खाईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला आपला गिरणीतला पाना काढला, आईकडून उकळत्या पाण्यातून काढून घेतला आणि इस्पितळात घेऊन आले. डॉक्टर हसले, पण तो चपखल बसल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

घरी आल्यावर आमच्या खोलीत जणू एक पाळी सुरू झाली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि निजायच्या आधी. सकाळच्या फेऱ्याआधी बाबा आंघोळ करून, भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. दुपारी चक्की सोडून घरी यायचे. चक्कीवाला कुरकुरला तर म्हणाले, "माझी ड्युटी आसा घराकडे." प्रत्येक नटाच्या एका बाजूला त्यांनी आईच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता, म्हणजे पाव फेरा अचूक कळावा. आई नखं रंगवणारी बाई नव्हतीच. ती बाटली कुठल्याशा लग्नात मिळालेली, दहा वर्षं पडून होती. आई म्हणाली, "माझं नाही तर नटाचं तरी नटणं झालं."

दुखायचं. खोटं कशाला बोलू? फिरवताना एवढं नाही, पण तासाभराने पोटरीतून कुणी दोरी ओढतंय असं वाटायचं. बोटं आत वळायला बघायची, ती टॉवेल लावून मागे खेचावी लागत. तारांच्या भोवती रोज पुसायचं, ते आई शाळेतल्या नोकरीवर जायच्या आधी करायची. ती गिरगावातल्या एका शाळेत बाई म्हणजे आया होती, सकाळी लवकर निघायची आणि संध्याकाळ टळल्यावर यायची. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि फेऱ्याच्या वेळी बाबा, एवढेच.

फेऱ्याच्या वेळी ते बोलत नसत, हातांनी विचारत. साचेखात्यात एवढा खडखडाट असे की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नसे, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलायची. मूठ वर करून गोल फिरवली की चालू कर. पंजा आडवा धरला की थांब. लहानपणी मला त्या खुणा त्यांनीच शिकवल्या होत्या. आता ते पाना नटाला लावायचे आणि मूठ फिरवून विचारायचे, चालू? मी मूठ फिरवली की मगच पाव फेरा. एखाद्या वेळी फार ठणकत असलं की मी पंजा आडवा धरायची. ते लगेच हात काढून घ्यायचे आणि मांडी घालून नुसते थांबून राहायचे, मी पुन्हा मूठ फिरवेपर्यंत.

आणि फेरा झाला की त्यांची जीभ सुटायची. दहा वर्षं साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. कोणत्या साच्याला कसली खोड होती, कुठला मुकादम कसा लबाड होता, नव्या बदली कामगाराला पहिल्या दिवशी सगळे कसे गंडवायचे. मी पाय उशीवर ठेवून ऐकत राहायची. एक दिवस कापडाचं सांगत होते. "कोरा कापड मापाचाच विणलंस तर फसलंस. पयल्या धुण्यात आटता ता. म्हणान वाईच जास्त विणूचा लागता. जो जॉबर मोजून मापून देता, तेचा कापड परत येता." मी विचारलं, "वाईच म्हणजे किती?" ते हसले. "ता हाताक कळता गो."

खरं सांगते, मला ते दिवस परत हवेत. कड्यांसकट, तारांसकट, त्या ओढणाऱ्या पोटरीसकट. पुढे माझं बरंवाईट पुष्कळ झालं, घर झालं, नोकरी झाली. पण दुपारी बारा वाजता जिन्यावर बाबांची पावलं भरभर वाजायची आणि ते चपला काढता काढता मूठ फिरवायचे, तसं कुणी माझ्यासाठी पुन्हा आलं नाही.

पन्नास दिवसांत दोन इंच, असं ठरलं होतं. बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढून पाहिला आणि खूश झाले. बाबांना बजावलं, "अजून आठ दिवस. त्यानंतर पाव फेरासुद्धा नाही. मग एक महिना तसंच ठेवा आणि या." बाबा म्हणाले, "बरं साहेब."

मी मोजत होते. पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात मोजत होते, दुखणाऱ्या माणसाला दुसरं काम काय असतं? पण बाबांना ते ठाऊक नव्हतं. मधे एकदा त्यांनी विचारलं होतं, "आज कितवो दिस गो?" त्या दिवशी मी वैतागलेली होते, म्हणाले, "मला काय माहीत? दुखतंय एवढं माहीत आहे." तेव्हापासून ते धरून चालले की हिशेब त्यांच्या एकट्याकडे आहे.

पन्नासावा दिवस संपला. निजायच्या आधीचा शेवटचा फेरा देऊन बाबा पाना पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. पाना कधीच स्वच्छ झाला होता.

एक्कावन्नाव्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ते आंघोळ करून, भांग पाडून माझ्या पायाशी बसलेले होते. पाना नटाला लावलेला. नजर माझ्याकडे नाही, नटावरच्या ठिपक्याकडे. त्यांनी मूठ वर करून फिरवली. चालू?

मला सगळं एका क्षणात कळलं. कोऱ्या कापडाचं, आटण्याचं, वाईच जास्तीचं. मी दहावी पास होते, हाड धुण्यात आटत नाही एवढं मला नक्की समजत होतं. डॉक्टरांचे शब्दही कानात होते. पंजा आडवा धरायचा होता, बस. तोंडातून शब्दही काढायचा नव्हता. पण पंजा आडवा धरला की ते पाना फडक्यात गुंडाळणार, ट्रंकेत टाकणार, चक्कीवर जाणार आणि रात्री मान खाली घालून जेवणार. मला ते दिसत होतं. शिवाय थोडी हावही होती, लपवत नाही. दहा वर्षं जो पाय मागे राहिला त्याला चिमूटभर जास्त मिळालं तर बिघडलं कुठे, असंही मनात आलं.

मी मूठ फिरवली. त्यांनी पाव फेरा दिला.

असे बारा दिवस. आईला चार वेळच्या फेऱ्याची इतकी सवय झाली होती की ती तारीख विसरून गेली होती. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतंच. त्या बारा दिवसांत बाबा जेवढं बोलले तेवढं आधीच्या पन्नासांतही बोलले नव्हते. एकदा तर त्यांनी खात्यातल्या एका माणसाची नक्कल केली आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण डोकावली. पोटरी दुपटीने ओढत होती. मी तोंडात पदर धरून निभावलं. बाराव्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "बस झाला." कसलंसं मोठं काम हातावेगळं केल्यासारखे ते खूश दिसत होते.

महिन्याने इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, पट्टी लावली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळले.

"हे जास्त झालंय. बरंच जास्त. तारीख चुकली का?"

बाबा उभे राहिले. "नाही साहेब. तारीख बरोबर होती. मी दिलं जास्त."

"का?"

"आटेल म्हणून."

डॉक्टरांना कळेना. बाबांनी त्यांना कापडाचं समजावून सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "लगेच आला असतात तर उलटं फिरवून घेतलं असतं. आता हाडाने धरलंय. पुन्हा कापण्यात अर्थ नाही, दुसऱ्या चपलेला टाच लावा." मग त्यांनी मला विचारलं, "तू तर शिकलेली आहेस. तुझ्या लक्षात नाही आलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तिला काय माहीत साहेब? ती बिचारी डोळे मिटून सोसायची. चूक माझी. माझ्या हाताची."

आणि मी गप्प राहिले. डॉक्टरांची भीती वाटली, लाज वाटली, घरी आई काय म्हणेल ते डोळ्यांसमोर आलं. कारणं पुष्कळ सांगता येतील. आपले बाबा परक्या माणसासमोर हात जोडून उभे होते आणि मी कुबडीच्या मुठीकडे बघत बसले होते, एवढंच खरं.

कड्या निघाल्या, प्लास्टर झालं, तेही निघालं. टाच लावल्यावर मी जवळजवळ सरळ चालायला लागले. आई मला बघून रडली. उंचीत इंच-सव्वा इंचाने वाढले, बायका म्हणायला लागल्या पोरगी शिडशिडीत दिसते. एका दुपारी मी खरोखरच कुणाला न कळता गॅलरीतून गेले आणि दाराशी उभी राहिले. आत बायका पापडखाराच्या भावाबद्दल बोलत होत्या.

बाबांनी तो पाना खात्यातल्या एका जुन्या मित्राला देऊन टाकला. त्याचं गॅरेज होतं, त्याच्या उपयोगी पडेल म्हणाले. त्यानंतर आमच्या घरातलं काहीही त्यांनी दुरुस्त केलं नाही. नळ गळायला लागला की शेजारच्या मुलाला हाक मारायचे. स्टोव्हची पिन अडकली की आईकडे सरकवायचे. आई चिडायची, "सबंध रांग सांभाळणारा माणूस आणि स्टोव्ह साफ होत नाही?" ते ऐकून घ्यायचे.

पुढे कितीतरी वर्षं ते होते. त्या काळात बोलायला मला हजार वेळा सवड मिळाली. गणपतीत मिळाली, माझ्या लग्नात मिळाली, माहेरी गेल्यावर दर रविवारी मिळाली. आज नको, पुढच्या वेळी, असं करत गेले. त्यांच्या मनाला लागेल असं मी स्वतःला सांगायची. खरं तर मी त्यांच्या नजरेतून उतरेन ही धास्ती होती.

असाच एक रविवार. वरचा पंखा आवाज करत होता, एक स्क्रू सैल झाला होता. मी स्टूल आणलं, स्क्रूड्रायव्हर शोधला आणि मुद्दाम बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "बाबा, तुम्हीच करा. तुमच्यासारखं कुणाला जमतं?"

त्यांनी तो हातात घेतला, क्षणभर अंगठ्याने त्याची दांडी चाचपली आणि परत माझ्या हातात दिला.

"तूच फिरव," म्हणाले. "माझ्या हाताक खंय थांबूचा ता कळणा नाय."

ते स्टूल धरून उभे राहिले. मी वर चढले आणि स्क्रू बसेपर्यंत फिरवून थांबले. कुठे थांबायचं ते मला कळत होतं, बाबा. तेव्हाही कळत होतं.

एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी खाली उतरले आणि चहा टाकायला गेले.